बाबांच्या नंबरावर आलेलं नाव

नर्सिंगला माझा नंबर लागला त्या दिवशी घरातला आनंद टिकला तो जेमतेम चहा होईपर्यंत. कॉलेज पनवेलच्या बाजूला, खासगी. फीचा आकडा आईनं मला दोनदा वाचायला लावला आणि मोबाइल पालथा ठेवला. कर्ज काढावं लागणार हे कोणी न बोलताच ठरलं. प्रश्न एवढाच उरला की कोणाकडून. व्याज कुठे कमी, कागद कुठे कमी, हप्ता कधी सुरू होतो, एवढं पाहिलं की झालं, असं मला वाटत होतं. बारावी सायन्स झालेली, चाळीत सगळ्यांचे ऑनलाइन फॉर्म मीच भरायची, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी तेव्हा खात्रीच होती.

या लिखाणात मी कोणाचंही नाव घेणार नाही. एरवी मी तोंडाची फटकळ आहे, कोणाला भीत नाही. पण नाव ही आमच्या घरात जपून वापरायची वस्तू झाली आहे, ती कशी ते पुढे येईल.

आम्ही भिवंडीत, कामतघरला चाळीत राहतो. बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आई काल्हेरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला. आईचं काम ठेकेदाराकडून, आज बोलावलं तर जायचं, उद्याचं उद्या. आमचं गाव वाडा रस्त्यानं आत, डोंगराच्या पायथ्याशी. एसटीतून उतरल्यावर बरंच चालावं लागतं. होळीला, भातलावणीला आणि पितरांच्या अमावास्येला आम्ही गावी जायचो, बाकी वर्षभर इथेच.

कर्जासाठी तीन दारं होती. पहिलं पतपेढीचं. तिथला सचिव आमच्या गावाकडचा, त्यामुळे बसायला खुर्ची आणि चहा मिळाला. पण त्यांना दोन जामीनदार हवे होते, तेही कायम नोकरीवाले. आमच्या ओळखीत कायम नोकरीवाला एकच, आणि तो आमची हाक ऐकून घरात असून नसल्यासारखा झाला. ते दार तिथेच मिटलं. दुसरं दार सरकारी बँकेचं. व्याज कमी, शिक्षण संपल्यावर हप्ते, पण कागद म्हणजे कागद. वडील सहकर्जदार म्हणून लागतील आणि ते कुठे कामाला आहेत याची खात्री लागेल, असं साहेबांनी सांगितलं. मी फॉर्म भरून दिला. कारखान्याच्या सही-शिक्क्याचं पत्र बाबा आज आणतो, उद्या आणतो करत राहिले.

तिसरं दार मोबाइलमध्ये होतं. एक फायनान्स कंपनी, व्याज जास्त, हप्ता पुढच्याच महिन्यापासून, पण मंजुरी झटपट. बँकेचं रखडलंय तर निदान चौकशी करून ठेवू, म्हणून मी एका संध्याकाळी तिचा फॉर्म उघडला. आई शेजारी भाजी निवडत होती. पालकांचा मोबाइल नंबर टाका, असं आलं. मी बाबांचा नंबर टाकला. त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला. स्क्रीनवरचं चाक थोडा वेळ फिरलं आणि पालकांच्या नावाच्या चौकटीत एक पूर्ण नाव आपोआप उमटलं. ते बाबांचं नव्हतं.

ते नाव माझ्या ओळखीचं होतं. बाबांच्या चुलतभावाचं, गावातल्या एका काकांचं. आणि हे काका मी प्राथमिक शाळेत असताना कावीळ होऊन वारले होते. नदीकाठी त्यांना नेलं तेव्हा पाऊस होता आणि आम्हा पोरांना घरात कोंडून ठेवलं होतं, हे मला चांगलं आठवतं. नावाच्या बाजूला हिरवी खूण होती. खाली लिहिलं होतं, अभिनंदन, आपले पालक पात्र आहेत.

मी मोबाइल आईपुढे धरला. तिचे हात थांबले. तिला वाचायला फार येत नाही, पण ते नाव तिनं एका नजरेत वाचलं.

ती एवढंच म्हणाली, "बंद कर ते. पंधरवडा लागलाय. पितरांच्या दिवसांत नवं काही सुरू करत नाहीत."

मी वाद घातला. म्हटलं, कंपनीची काहीतरी गडबड आहे, कोणाचा तरी जुना नंबर असेल, यात पितरांचा काय संबंध. ती परत भाजी निवडू लागली. मी चिडून फॉर्म पहिल्यापासून परत भरला. चाक फिरलं, आणि परत तेच नाव आलं. मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण मी मोबाइलच बंद करून टाकला.

याला कारण होतं. आमच्याकडे पितरांना नुसतं पान वाढून ठेवत नाहीत. गेलेल्या माणसाच्या जागी एक जिवंत माणूस बसवतात. त्याला आंघोळ घालतात, नवा टॉवेल देतात, पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात, आणि जेवेपर्यंत तो माणूस तो नसतो, तो पितर असतो. पानावरून उठेपर्यंत त्याला त्याच्या नावानं किंवा नात्यानं हाक मारायची नाही, हा नियम. या काकांच्या घरी दरवर्षी सर्वपित्रीला पितर म्हणून कोण बसतं, तर माझे बाबा.

दोन दिवसांनी बँकेचा तपासणीवाला आला. पत्र राहू द्या, माणूस कामावर आहे हे मी डोळ्यांनी बघतो, म्हणाला. बाबा ड्युटीवर होते, म्हणून त्याला कारखान्यात घेऊन मी गेले. लहानपणानंतर मी तिथे गेलेच नव्हते. बाबा येऊ द्यायचे नाहीत, कापसाची धूळ नाकात जाते म्हणायचे. आत लूमचा आवाज एवढा की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. बाबा मधल्या रांगेत उभे होते, आमच्याकडे अर्धी पाठ करून, तुटलेला धागा जोडत.

तपासणीवाल्यानं दारातल्या कामगाराला बाबांचं नाव घेऊन विचारलं. त्यानं मान हलवली. दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "इस नाम का तो कोई नहीं है यहाँ."

मला वाटलं आवाजात ऐकू आलं नसेल. मी बोटानं दाखवलं, ते काय, ते माझे वडील. तेव्हा तपासणीवाल्यानं हाताची ओंजळ करून बाबांच्या नावानं जोरात हाक मारली. दांडगा आवाज होता त्याचा, पलीकडच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. बाबांनी वळवली नाही. ते धागा जोडत राहिले. मग तो कामगार अच्छा, वो, असं म्हणाला आणि त्यानं फारसा आवाज न चढवता काकांचं नाव घेतलं. बाबा लगेच वळले.

वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि खालच्या ओठात तंबाखूची गोळी होती. घरी बाबांना तंबाखूचा वाससुद्धा चालत नाही. उभं राहणंही निराळं होतं, एका पायावर भार टाकून, खांदा पाडून. मी हे वाढवून सांगत नाही, पण तेवढ्या वेळापुरते मला ते ओळखू आले नाहीत. मग त्यांनी मला पाहिलं. हसू गेलं, पण हळूहळू गेलं, जसं कोणाला तरी आत बोलवायला गेलं असावं. मी घाबरले होते आणि घाबरल्याचा मला रागही आला होता.

मेहताजीनं, म्हणजे कारखान्याचा हिशेब बघणाऱ्या माणसानं, उरलेलं काम केलं. हा तर आमचा जुना माणूस, एकदम सच्चा, असं म्हणून त्यानं काकांचं नाव सांगितलं. तपासणीवाला भला होता. बाहेर आल्यावर त्यानं मला सावलीत उभं केलं आणि समजावलं की खोटं लिहिणं त्याला जमणार नाही. फॉर्मवर ज्याचं नाव आहे ती व्यक्ती कामाच्या ठिकाणी आढळली नाही, एवढंच तो लिहिणार होता. मी त्याला म्हटलं, आढळली कशी नाही, तुमच्यासमोर उभी होती. तो म्हणाला, "ताई, मीही तेच बघितलं. पण ते कोणाच्या नावाला वळले, तेही बघितलं."

सगळं मला आईकडून कळलं, त्याच दुपारी. बाबा सुरुवातीला काकांचे बदली होते. काका गावी गेले की त्यांचे लूम बाबा चालवायचे, त्यांच्याच नावावर. त्या पावसाळ्यात काका गावी गेले ते परत आलेच नाहीत. बाबांनी मेहताजीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे बाहेर बोललास तर शेठ या लूमवर स्वतःचा माणूस बसवेल. नाव चालतंय, खातं चालतंय, एटीएमचं कार्ड तुझ्याजवळ आहे, तर चालू दे. बाबांनी चालू दिलं. खात्याला त्यांनी आपला मोबाइल नंबर जोडून घेतला, त्यामुळेच माझ्या फॉर्मवर ते नाव उमटलं होतं. माणूस गेला आणि त्याचा पगार येत राहिला. त्यातला वाटा बाबा गावी गेले की काकीच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, हातावर ठेवायचे. काकीनं तो कधी नाकारला नाही आणि कशाचा हेही कधी विचारलं नाही. बाहेरचं कोणी गावात चौकशीला आलंच तर ती म्हणायची, धनी भिवंडीला हाय.

मी विचारलं, काकांच्या मृत्यूचा दाखला वगैरे. आई म्हणाली, कुठला दाखला, काढलाच नाही. म्हणजे कागदावर काका जिवंत होते, कामावर होते, वेळच्या वेळी पगार घेत होते. मी म्हटलं, मग बाबा कुठे आहेत. आईला प्रश्नच कळला नाही. इथंच तर आहेत, कुठे जातायत, असं म्हणून ती उठली. मी मात्र दिवसभर त्याच विचारात होते. इतकी वर्षं सकाळी डबा घेऊन घरातून निघणारा माणूस कारखान्याच्या गल्लीत पोचतच नव्हता. मध्येच कुठेतरी तो संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा, आणि संध्याकाळी जो परत यायचा तो नक्की कोण, हे मी कधी बघितलंच नव्हतं. त्या रात्री बाबा जेवायला बसले तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. आई ओरडली, काय बघतेस, जेव.

आईचं मत आता फिरलं होतं. बँकेचं काही होत नाही, फी भरायची शेवटची तारीख अमावास्येनंतरच्या सोमवारी, तर कंपनीचं घेऊन टाकू, म्हणाली. मी पंधरवड्याची आठवण दिली. ती म्हणाली, नवं कुठाय त्यात, नाव तर जुनंच आहे. आईशी बोलण्यात कोणी जिंकत नाही. पण मला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. कर्ज त्या नावावर घेतलं तर ते फिटेपर्यंत बाबांना तोच माणूस होऊन राहावं लागणार. आत्तापर्यंत निदान उद्या सोडलं तर सुटण्यासारखं होतं. आता माझ्या शिक्षणानं त्यावर कुलूप बसणार होतं. आणि नाही घेतलं, तर सीट जाणार. मला सीट हवी होती. ती नको, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही, हेही सांगते.

अर्धवट टाकलेल्या त्या फॉर्मवरून कंपनीचा फोन शुक्रवारी संध्याकाळी बाबांच्या मोबाइलवर आला. मी स्पीकर लावला. एका मुलीचा आवाज, गोड, अगदी स्वच्छ मराठी. तिनं काकांचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, आपणच बोलताय का. बाबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "हां, बोलतोय." आवाज जाड झाला होता. आई खाली बघत होती. मुलगी सांगू लागली, पगार नियमित आहे सर, कुठलंही जुनं कर्ज नाही सर, आपल्यासारखे ग्राहक आम्हाला कमी मिळतात. मंजुरी रविवारपर्यंत राहील. रविवारी सर्वपित्री होती. शेवटी ती म्हणाली, यात कर्जसुरक्षा मोफत आहे, सहकर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज माफ होतं.

बाबा मोबाइलजवळ वाकले. मग त्यांनी विचारलं, "आन आधीच झालं असंल तर?"

"सहकर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज माफ होतं, सर."

बाबांनी परत तेच विचारलं. परत तेच वाक्य आलं, त्याच गोडीत, "तर" या शब्दापाशी तेवढंच थांबून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पलीकडे माणूस नाही. पलीकडे कोणी नव्हतं, आणि इकडे ज्याला फोन आला होता तोही नव्हता, आणि या दोघांचं व्यवस्थित जमत होतं. संमतीसाठी कृपया हो म्हणा, असं फोन म्हणाला. बाबा म्हणाले, घरी विचारून सांगतो.

फोन बंद झाला. घरी विचारायचं म्हणजे कोणाला, आम्ही दोघी तर समोरच बसलो होतो. बाबांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उठून गावी जायच्या पिशवीत कपडे भरू लागले.

काकीला विचारायचं हे ठरलं, नाव तिच्या नवऱ्याचं होतं. पण कसं विचारायचं हे आईनं मला एसटीत सांगितलं, आणि माझं डोकं तिथेच फिरलं. पितराचं जेवण होत आलं की घरची बाई विचारते, काय राह्यलं का. पितर म्हणतो, काय न्हाय. पण तो काही मागू शकतो, आणि मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. बाबा तेव्हाच मागणार होते. मी म्हटलं, हे फसवणं झालं. सरळ ओटीवर बसून, चहा पिताना विचारा ना तिला. आई म्हणाली, ती नाही म्हणाली तर? मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

काकीनं सगळं साग्रसंगीत केलं होतं. भात, वडे, तांदळाची खीर, अळू, भोपळ्याची भाजी. बाबांना मागच्या पडवीत आंघोळ घातली, नवा टॉवेल दिला, कावळ्याचं पान बाहेर कौलांवर ठेवलं. मी आजवर या वेळी इतर पोरांबरोबर बाहेर असायची. या वर्षी पहिल्यांदा आत, भिंतीला टेकून बसले. बाबा पाटावर बसले, खांदा पाडून. काकीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, कपाळावर कुंकू आणि हातात बांगड्या होत्या. ती वाढत होती आणि हळू आवाजात गावातल्या गोष्टी सांगत होती, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची गाय व्याली, भाताचं आवण कसं लागलं. कामावरून आलेल्या नवऱ्याला सांगावं तसं. बाबा हुंकार देत होते, मध्येच एखादा प्रश्न विचारत होते, आणि प्रश्न बरोबर असत. त्या दोघांचं एक घर होतं आणि आम्ही त्यात पाहुण्या होतो. आईलाही ते दिसत असणार, ती पदराचं टोक चावत होती.

खीर संपली. काकी समोर उकिडवी बसली आणि तिनं विचारलं, "पोट भरलं? काय राह्यलं का?"

बाबा म्हणाले, "राह्यलंय."

काकीचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत पितरानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. ती म्हणाली, बोला ना, काय पायजे ते बोला. बाबा त्याच जाड आवाजात म्हणाले, "माजं नाव देयाचं हाय. पोरीच्या शिक्षनाला."

"कोनाच्या पोरीच्या?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजही नीट सांगू शकत नाही. ओळख होती तिच्यात, पण लांबच्या नात्यातल्या माणसाची असते तेवढीच.

"भावाच्या," ते म्हणाले. "ती काय, बसलीय."

मी म्हणाले, "बाबा."

मोठ्यानं नाही म्हणाले. पण त्या खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे बोटं उमटली होती. मी परत म्हणाले, "बाबा, मी तुझी पोरगी हाय. उठ तिथून." बाबांचा हात पानावर तसाच होता. मग ते पानाला नमस्कार न करताच पाटावरून उठले. उठले तेव्हा ते सरळ उभे होते, दोन्ही पायांवर. ते रडत होते आणि ते माझे बाबा होते. मला त्या वेळी दुसऱ्या कशाचंही भान नव्हतं, फक्त खूप हायसं वाटलं.

काकी अजून उकिडवीच बसली होती. तिनं बाबांकडे पाहिलं, मग रिकाम्या पाटाकडे, मग दाराकडे. तिनं विचारलं, "मंग माजा कुठं गेला?"

तिनं परत विचारलं, या वेळी मला. आणि मग ती ओरडायला लागली. घरात माणूस गेल्यावर बायका जसा गळा काढतात, तसा तिनं काढला, शेजारच्या बायका धावत आल्या, आणि त्यांनाही काय झालं हे विचारावं लागलं नाही. त्या तिच्याभोवती बसल्या आणि तिला धरून ठेवलं. काका वारले तेव्हा ती रडली नव्हती, असं आई मला परतीच्या वाटेवर म्हणाली. लोक तेव्हा म्हणाले होते, बाई काय घट्ट मनाची.

कर्ज बँकेकडून घ्यायचं हे त्यानंतर कोणी ठरवलं असं नाही, पण दुसरं काही ठरणं शक्यच नव्हतं. कंपनीचा फोन रविवारी तीनदा वाजला, बाबांनी उचलला नाही. सोमवारी सकाळी ते मेहताजीकडे गेले आणि आता माझं खरं नाव लिही म्हणाले. मेहताजीनं आधी कपाळावर हात मारला, मग लिहिलं, पण नवा माणूस म्हणून. चांगले लूम गेले, कोपऱ्यातले जुने मिळाले, आणि पगारही नव्या माणसाचा. बँकेतल्या साहेबांना बाबांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेन आपटत बसले आणि मग त्यांनी तपासणीवाल्याला परत पाठवलं. या वेळी त्यानं व्यक्ती आढळली असं लिहिलं. बँकेनं कॉलेजला मंजुरीचं पत्र दिलं, कॉलेजनं पत्रावर थोडी मुदत दिली. सीट राहिली. मी आता तिसऱ्या वर्षाला आहे.

तेव्हा एकच काम उरलं होतं. काकांचं पगाराचं खातं बंद करायचं तर मृत्यूचा दाखला लागणार होता, आणि तो काकीनंच काढायचा होता. तिला लिहिता येत नाही, म्हणून मी तिच्याबरोबर ग्रामपंचायतीत गेले. त्या दिवसानंतर आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. तिचं कपाळ आता मोकळं होतं, हातात बांगड्या नव्हत्या. मी काही बोलायला तोंड उघडलं की ती पावलं भरभर टाकायची.

ग्रामसेवक त्या गावात नवा होता. त्यानं काकांचं नाव विचारलं, मी सांगितलं. वय विचारलं, काकीनं अंदाजानं सांगितलं. मग त्यानं मान वर न करताच विचारलं, मयत कधी झाले.

काकी म्हणाली, "या सर्वपित्रीला. जेवता जेवता."

मी तिच्याकडे वळले. ती ग्रामसेवकाकडेच बघत होती. ही तारीख सगळ्यांच्याच सोयीची होती, बाबांच्या आणि मेहताजीच्याही, कारण तोवरचा पगार कागदावर खरा ठरत होता, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. पण काकीला सोय वगैरे काही ठाऊक नव्हतं. तिला विचारलं ते तिनं सांगितलं होतं.

"जवळ कोणी होतं तेव्हा?" ग्रामसेवकानं विचारलं.

काकीनं माझा हात धरून मला टेबलाजवळ ओढलं. "ही व्हती," ती म्हणाली.

त्यानं कागद माझ्याकडे सरकवला आणि साक्षीदाराची जागा दाखवली. काकीनं हात सोडला नव्हता, म्हणून मी तसाच पेन धरला आणि माझं पूर्ण नाव लिहिलं.